वाहकता पदार्थाची की तुकड्याची? (बारीक वस्तूंमधली उष्णता)

कृष्णाकाठची_लेक (धागाकर्ती)
सोमवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. गेल्या आठवड्यात "मोबाइल एवढा का तापतो" या धाग्यावर जी हाणामारी झाली, तिच्यात एका सभासदानं "सिलिकॉनची उष्णतावाहकता १४८ असते, पुस्तक उघडून बघा" असं ठणकावलं आणि सगळे गप्प बसले. मला तिथेच लिहायचं होतं, पण प्रतिसाद लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएचडी करते. विषय, अतिशय बारीक वस्तूंमधून उष्णता कशी जाते. सांगलीत कुणी विचारलं की आई सांगते, "ती तिकडं काय काय गरम होतंय ते मोजती." याहून नेमकं मलाही सांगता येत नाही.

तर तो १४८. एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन (पुढे नुसते आकडे देते), खोलीच्या तापमानाला. आकड्यात चूक काही नाही. तांब्याचा ४०० च्या आसपास, हिऱ्याचा २००० च्या वर, साध्या काचेचा १ च्या जवळपास. शाळेपासून हे आकडे आपण पदार्थाचे गुण म्हणून पाठ करतो. सोन्याची घनता अंगठीत असो की वळ्यात, तीच. वाहकताही तशीच, असं धरून चालतो. फूरियेनं १८२२ च्या ग्रंथात मांडलेला नियमही हेच धरून चालतो: तापमानाचा उतार जितका तीव्र तितकी उष्णता जास्त, आणि त्या दोघांना जोडणारा आकडा पदार्थाचा.

२००३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अरुण मजुमदार आणि पेइडाँग यांग यांच्या गटांनी सिलिकॉनच्या एकेका सुट्या तारेची वाहकता मोजली. ११५ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जाडीच्या तारेत ती ४० च्या आसपास आली. २२ नॅनोमीटरच्या तारेत १० च्याही खाली. पदार्थ तोच, स्फटिक तोच, अणूंची मांडणी तीच. मग १४८ हा आकडा नक्की कुणाचा?

(जाता जाता, मजुमदार आपल्या पवईचे. आयआयटी मुंबईतून १९८५ साली बीटेक.)

कारण समजायला आधी सिलिकॉनमध्ये उष्णता नेतं कोण ते बघू. धातूत हे काम मुख्यतः इलेक्ट्रॉन करतात. सिलिकॉनमध्ये अणूंची थरथर करते. एक अणू हलला की शेजारचा हलतो आणि ती थरथर लाटेसारखी पुढे जाते. या लाटांचा हिशेब कणांसारखा करता येतो, त्या कणांना फोनॉन म्हणतात. एक फोनॉन निघतो, काही अंतर सरळ जातो, मग दुसऱ्या फोनॉनला धडकतो किंवा स्फटिकातल्या एखाद्या खोटीला अडखळतो आणि दिशा बदलतो. दोन धडकांमधल्या अंतराला मुक्तपथ म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत सिलिकॉनसाठी त्याचा सरसकट अंदाज ४० नॅनोमीटरच्या आसपास असायचा. नंतरच्या गणितांत दिसलं की सरासरीनं इथे आपल्याला चांगलंच फसवलंय. काही फोनॉन जेमतेम १० नॅनोमीटर जातात, काही अनेक मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). आणि सुमारे निम्मी उष्णता एक मायक्रॉन किंवा त्याहून लांब टप्पे टाकणारे फोनॉन नेतात. म्हणजे माणसं थोडी, पण ओझं त्यांच्याच डोक्यावर जास्त.

आता अशा लांब ढांगा टाकणाऱ्या गड्याला २२ नॅनोमीटरच्या बोळात सोडा. ढांग पुरी व्हायच्या आत भिंत येते. फोनॉन भिंतीला आपटून दिशा विसरतो आणि वाहकता कोसळते.

तेव्हा वाहकता हा तुकड्याचा गुण आहे. तुकडा पुरेसा मोठा असला की तो पदार्थाचा गुण वाटायला लागतो, इतकंच. मोबाइलच्या चिपमधले ट्रान्झिस्टरचे पंख, म्हणजे वीज वाहणाऱ्या सिलिकॉनच्या उभ्या पट्ट्या, काही नॅनोमीटर रुंद असतात, तिथे १४८ घेऊन गणित करणाऱ्याचं उत्तर चुकणारच.

बस, एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा.

---

फोडणी
सोमवार, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. मस्त लिहिलंयस गं. पण एक शंका. बारीक नळातून पाणी कमीच येणार, त्यात नवल काय? तार बारीक केली म्हणून उष्णता कमी गेली, एवढंच नाही का हे?

---

कृष्णाकाठची_लेक
सोमवार, सकाळी ८:३२

ताई, हा प्रश्न येणार हे माहीत होतं, धाग्यातच लिहायला हवं होतं. वाहकतेच्या आकड्यात जाडी आणि लांबी दोन्ही आधीच भागून काढलेली असतात. नळ निम्मा केला आणि पाणी निम्म्यावर आलं तर वाहकता तीच राहिली म्हणायची. इथे नळ अर्धा केला की पाणी निम्म्याहूनही बरंच कमी येतंय. जणू बारीक नळात पाणीच घट्ट झालं.

---

दगडूचा_दगड
सोमवार, सकाळी ९:०५

अमेरिकेच्या टॅक्सच्या पैशात तारा मोजताय, चालू द्या. आमच्याकडे डीपी जळाला की चार दिवस तार मिळत नाही. हलके घ्या.

---

अर्धवट_इंजिनिअर
सोमवार, सकाळी १०:२०

भिंतीला आपटून दिशा विसरतो हे पटलं नाही. कॅरममध्ये स्ट्रायकर कडेला आपटतो तेव्हा विसरतो का? कोन धरून परत फिरतो, आणि पुढे जायचा तो जातोच. तारेच्या लांबीच्या दिशेनं त्याचा वेग तसाच राहणार. मग भिंतीनं अडवलं कुठे?

---

कृष्णाकाठची_लेक
सोमवार, दुपारी १२:०२

क्या बात! सगळी मेख इथेच आहे.

कड गुळगुळीत असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. स्ट्रायकर डावी-उजवीकडे आपटत आपटत पुढे जात राहील आणि भिंत असूनही नसल्यासारखीच. पण त्याच बोर्डाची कड कुणी करवतीनं दातेरी करून ठेवली असं समजा. आता स्ट्रायकर आपटला की पुढेही जाईल, उलटाही येईल, नशीब नेईल तिकडे. कड गुळगुळीत की दातेरी हे ठरवते ती फोनॉनची लाटलांबी. लाट लांब असेल तर तिला छोटे दाते जाणवतच नाहीत. खोलीच्या तापमानाला उष्णता नेणाऱ्या बहुतेक लाटा नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरच्या, त्यांना अणूअणूएवढा खडबडीतपणाही टोचतो. उलट अतिथंड तापमानात लाटा लांब होतात आणि तीच भिंत त्यांना आरशासारखी वाटू लागते. पूर्ण दातेरी भिंतीचं गणित डच भौतिकशास्त्रज्ञ कासिमिरनं १९३८ सालीच करून ठेवलंय.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००८ साली बर्कलीतच मुद्दाम खडबडीत तारा केल्या, ५० नॅनोमीटरच्या आसपास जाडीच्या. रसायनात कुरतडलेल्या, जवळून पाहिलं तर वाळलेल्या वाटाण्याच्या शेंगेसारख्या. त्यांची वाहकता आली १.६. सिलिकॉन जवळजवळ काचेच्या पंक्तीला जाऊन बसलं! आणि कासिमिरच्या हिशेबानं, म्हणजे प्रत्येक आपटीत दिशा पूर्ण विसरली असं धरलं तरी, एवढी घट होत नाही. यावर नंतर ढिगानं लेख आले. कुणी म्हणतं पृष्ठभागाखाली स्फटिकच बिघडलाय, कुणी म्हणतं लाटा खाचांमध्ये अडकून पडतात. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं, पण आमच्याच लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरचा गडी दुसऱ्या पक्षाचा आहे आणि जेवताना रोज वाद होतो.

---

औष्णिक_काका
सोमवार, संध्याकाळी ६:४५

ताई, लेख आवडला. ३१ वर्षं औष्णिक केंद्रात काढली, आता निवृत्त. आमचं सगळं आयुष्य उष्णता वाहावी म्हणून गेलं. नळीत खपली धरली की बॉयलरवाल्याच्या पोटात गोळा. तुम्ही ती वाहू नये म्हणून तारा कुरतडताय, हे काही उमगेना. उपयोग काय याचा? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

---

कृष्णाकाठची_लेक
सोमवार, रात्री ८:१०

काका, टोमणा असता तरी चाललं असतं, प्रश्न रास्त आहे.

काही पदार्थांचं एक टोक गरम, दुसरं थंड ठेवलं की त्यांच्यात थेट वीज तयार होते. टर्बाइन नाही, वाफ नाही, हलणारा एकही भाग नाही. १९७७ साली सुटलेली दोन्ही व्हॉयेजर यानं यावरच चालतात: प्लुटोनियमची ऊब एका बाजूला, अंतराळाचा गारठा दुसऱ्या बाजूला, मध्ये सिलिकॉन-जर्मेनियम. अडचण अशी, की पदार्थानं वीज छान वाहायला हवी आणि उष्णता मात्र अडवायला हवी. निसर्गात हे दोन गुण सहसा एका ताटात जेवत नाहीत. ग्लेन स्लॅक यांनी १९९५ च्या सुमारास मागणी मांडली: इलेक्ट्रॉनला वाटावं आपण स्फटिकात आहोत आणि फोनॉनला वाटावं काचेत आहोत. खडबडीत तारेत नेमकं हेच घडतं. इलेक्ट्रॉनचे टप्पे आखूड, त्याला भिंत फारशी भेटत नाही. फोनॉनचे लांब, तो पुरता गांजतो.

या पदार्थांना गुण द्यायचा एक आकडा आहे, झेडटी. बाजारात मिळणाऱ्या बिस्मथ टेल्युराइडचा १ च्या आसपास. साध्या सिलिकॉनचा ०.०१, म्हणजे नापासच. त्या खडबडीत तारांचा ०.६ आला म्हणून एवढा गाजावाजा झाला.

---

औष्णिक_काका
सोमवार, रात्री ९:३०

समजलं. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चिमणीचा धूर १४० अंशांना जातो. बाहेर ३० अंश धरू. उष्णतेतून काम काढायची कार्नोनं दिलेली कमाल मर्यादा साडेसव्वीस टक्के. झेडटी १ धरून सूत्र लावलं तर त्यातला पाचवा हिस्सा हाती लागतो, म्हणजे एकूण जेमतेम ५ टक्के. तेही धुराची उष्णता वीज करणाऱ्या पदार्थापर्यंत पोचवताना काही सांडलं नाही तर. वर धूर १२०-१३० च्या खाली नेला की गंधकाचं आम्ल ठिबकून डक्ट खातं, ते आम्ही भोगलंय. चिमणीला तारा लावून काही साधणार नाही, ताई.

---

कृष्णाकाठची_लेक
सोमवार, रात्री ९:५२

काका, _/\_. तुमचा ५ टक्क्यांचा हिशेब चोख आहे आणि तो प्रत्येक बातमीच्या खाली छापायला हवा. "आता भिंतीच्या उबेवर फोन चार्ज होणार" अशा बातम्या २००८ नंतर फार आल्या आणि माझ्या मते त्यांनी विषयाचं नुकसानच केलं. जिथे टर्बाइन बसतं तिथे टर्बाइनच जिंकतं.

---

नवशिका_पुणे
सोमवार, रात्री १०:१५

भारतातलं एक सांगतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटानं २०२१ मध्ये सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडं कॅडमियम घालून झेडटी २.६ पर्यंत नेला, ३०० अंश सेल्सिअसला. सायन्स साप्ताहिकात आलं होतं. तिथे तारा वगैरे नाहीत. स्फटिकातच अणूंची मांडणी नॅनोमीटरच्या पातळीवर सुधारली.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करतोय. ताई, एवढ्या बारीक वस्तूचं तापमान घेता कसं? थर्मामीटर कुठे लावता?

---

कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, सकाळी ७:२०

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुला चहा लागू.

तारेची पद्धत वेगळी असते, मी पातळ थर मोजते ते सांगते. नमुन्यावर ८० नॅनोमीटरचा ॲल्युमिनियमचा मुलामा चढवायचा. हाच हीटर आणि हाच थर्मामीटर. लेझरचा एक स्पंद त्यावर मारायचा, मुलामा काही अंश तापतो. मागोमाग दुसरा, मंद स्पंद पाठवायचा आणि किती प्रकाश परत येतो ते बघायचं. धातू तापला की त्याची चमक बदलते. किती? एका अंशाला साधारण दहा हजारांत एक भाग. एवढासा बदल कोलाहलातून वेचायला पहिला झोत सेकंदाला एक कोटी वेळा चालू-बंद करतात आणि त्याच तालावर नाचणारा सिग्नल तेवढा उचलतात.

दुसरा स्पंद उशिरा कसा पाठवायचा? त्याला लांबच्या रस्त्यानं पाठवायचं. टेबलावर एका रुळावर आरसा असतो. तो ३ मिलिमीटर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन ६ मिलिमीटर जास्त पडतात, म्हणजे २० पिकोसेकंद उशीर (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). आरसा सरकवत जायचं आणि मुलामा कसा निवतो ते टिपत जायचं. खाली चांगला वाहक असेल तर भराभर निवतो. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पहिल्या शंभर पिकोसेकंदांत आलेखावर एक छोटा उंचवटा दिसतो. तो ध्वनी असतो! तापल्यानं मुलामा दचकतो, त्या दचक्याचा आवाज तळाला जाऊन साधारण २५ पिकोसेकंदांत परत येतो. त्या प्रतिध्वनीवरून मुलाम्याची जाडी कळते. विहिरीत दगड टाकून खोली सांगावी तसं.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी एका नमुन्यात मुलामा निवायचं नावच घेईना. वाहकता अपेक्षेपेक्षा फार कमी. तीन आठवडे मोजत होते, डोक्यात शोधनिबंधाचं शीर्षकही तयार झालं होतं. मग एका सीनियर मुलीनं शांतपणे विचारलं, "धुतलं होतंस का नीट?" फोटोरेझिस्ट, म्हणजे चिप बनवताना लावतात तो लेप, पुसला न जाता तीन-चार नॅनोमीटर उरला होता. डोळ्याला नमुना लख्ख. उष्णतेला मात्र तिथे भिंत. सिलिकॉनचा दोष काहीच नव्हता, सांधा घाण होता.

आणि सांधा स्वच्छ असला तरी तो फुकट नसतो. ॲल्युमिनियमचे अणू एका लयीत थरथरतात, सिलिकॉनचे दुसऱ्या. हद्दीवर काही फोनॉन पार होतात, काही माघारी फिरतात. एक चांगला सांधा उष्णतेला साधारण एक मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनएवढा अडवतो. चिपमध्ये तारांचे दहा-पंधरा थर आणि थरागणिक सांधे. तुमचा मोबाइल का तापतो त्याच्या उत्तराचा एक भाग सांध्यांत आहे.

---

अर्धवट_इंजिनिअर
मंगळवार, सकाळी ९:४०

म्हणजे सीपीयूला थर्मल पेस्ट लावतो तो प्रकार?

---

कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, सकाळी ९:५८

नाही, तो वेगळा. पेस्ट लावतो ती दोन खरखरीत पृष्ठभागांमधली हवा भरून काढायला. मी म्हणते तो अडथळा दोन पदार्थ अणूला अणू चिकटले तरी राहतो, तिथे पेस्ट घालायला जागाच नसते. कापित्सानं १९४१ मध्ये मॉस्कोत द्रव हेलियम आणि तांब्याच्या हद्दीवर तापमानात एकदम पडणारी पायरी मोजली, तेव्हापासून या अडथळ्याला त्याचं नाव आहे.

---

फोडणी
मंगळवार, दुपारी २:३०

सगळं नाही कळलं पण वाचतेय. आता माझा स्वयंपाकघरी प्रश्न. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात असतं म्हणून चहा गरम राहतो. उद्या त्या भिंती अगदी जवळ आणल्या, तुमच्या नॅनोमीटरएवढ्या, पण एकमेकींना लागू दिल्या नाहीत, तर थर्मास चालेल ना? केवढा सुटसुटीत होईल.

---

कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, दुपारी ३:१५

ताई, चहा गार होईल. आणि तुम्ही नकळत या विषयातल्या एका गाजलेल्या प्रयोगाशी येऊन ठेपलात.

निर्वातातून उष्णता फक्त प्रकाशानं जाते, आपल्या तापमानाला तो अवरक्त, लाटलांबी १० मायक्रॉनच्या आसपास. वस्तू एकमेकींपासून दूर असतात तोवर जास्तीत जास्त किती जाईल याला प्लांकच्या नियमाची मर्यादा आहे. पण प्रत्येक तापलेल्या पृष्ठभागाला चिकटून एक असं विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं जे बाहेर सुटत नाही, पृष्ठभागापासून दूर जाता जाता विरून जातं. फट लाटलांबीहून बरीच लहान केली की समोरच्या भिंतीला ते गाठतं आणि उष्णता तिकडे झिरपते. पोल्डर आणि फान होव्ह यांनी याचा सिद्धांत १९७१ मध्ये मांडला. २००९ मध्ये एमआयटीत गँग चेन यांच्या गटानं काचेचा सूक्ष्म गोळा काचेच्या सपाट तुकड्याजवळ ३० नॅनोमीटरपर्यंत नेला आणि प्लांकच्या मर्यादेच्या हजार पटींच्या घरात उष्णता जाताना मोजली. स्पर्श नाही, हवा नाही, तरीही.

त्यामुळे तुमचा सुटसुटीत थर्मास रद्द.

---

दगडूचा_दगड
मंगळवार, दुपारी ४:००

फोडणीताईंचं पेटंट गेलं. बाकी धागा भारी झालाय, मघाचा टोमणा मागे घेतो.

---

औष्णिक_काका
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

ताई, एक खटकतंय. तुकड्यागणिक आकडा बदलतो म्हणता. मग आणखी लहान, आणखी लहान करत गेलं तर शेवटी काय उरतं? वाहकता या शब्दाला काही अर्थ तरी राहतो का?

---

कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, रात्री ८:४०

काका, माझ्या मते राहत नाही. मिशिगन विद्यापीठात प्रमोद रेड्डी आणि एडगर मेहोफर यांच्या गटानं २०१९ मध्ये एकेका रेणूतून जाणारी उष्णता मोजली. सोन्याची दोन टोकं, मध्ये कार्बनची साखळी, २ अणूंपासून १० अणूंपर्यंत. साखळी लांब केली तर उष्णता कमी जायला हवी ना? दुप्पट लांब दांडा, निम्मी उष्णता, हे तुमच्या बॉयलरपासून आमच्या शाळेच्या प्रयोगापर्यंत सगळीकडे खरं. इथे साखळी पाचपट लांब झाली तरी आकडा जवळपास तिथेच, एका अंशाला २० पिकोवॅटच्या आसपास. वाटेत धडकच होत नाही, मग वाट लांब असली काय नि आखूड असली काय. जो काही अडथळा आहे तो दोन टोकांच्या सांध्यांवर. अशा ठिकाणी "प्रति मीटर" म्हणायचं तरी कशाला? आम्ही तिथे वाहकता लिहीत नाही, एका अंशाला किती वॅट एवढंच लिहितो.

---

औष्णिक_काका
मंगळवार, रात्री ९:१०

३१ वर्षांत लांबीनं न भागलेली वाहकता पहिल्यांदा ऐकली. आज झोप लागणं कठीण.

---

नवशिका_पुणे
मंगळवार, रात्री १०:३०

ताई, यात पीएचडी करायची असेल तर आत्तापासून काय शिकू? क्वांटम चांगलं आहे माझं.

---

कृष्णाकाठची_लेक
मंगळवार, रात्री ११:०५

सांख्यिकी यांत्रिकी पक्कं कर, क्वांटमपेक्षा ते रोज लागतं. थोडं प्रोग्रामिंग. आणि सोल्डरिंग शीक, हसू नकोस. माझ्या पहिल्या दोन वर्षांतला निम्मा वेळ तुटलेल्या जोडण्या शोधण्यात गेलाय. ईमेल पाठवताना गटाचे शेवटचे दोन-तीन लेख वाचून पाठव, "आपल्या थोर संशोधनाने प्रभावित" वगैरे लिहू नकोस, ते उघडतही नाहीत.

आणि नमुना धुऊन घे.